पाचारण, मजुरी आणि विसावा

ख्रिस्ती धर्म आणि भांडवलशाही ही दोन नावे मराठी वैचारिक लेखनात एकत्र आली की तिसरे नाव ठरलेलेच असते : माक्स वेबर. 'प्रॉटेस्टंट नीतीतून भांडवलशाही जन्माला आली' असे एक वाक्य लिहायचे आणि पुढच्या मुद्द्याकडे वळायचे, ही रीत चर्चासत्रांतील निबंधांपासून पुस्तक-परीक्षणांपर्यंत सर्वत्र दिसते. १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रबंधात वेबर इतके ढोबळ काही म्हणत नाही. एकांगी जडवादी उपपत्ती बाजूला सारून तितकीच एकांगी आध्यात्मिक उपपत्ती तिच्या जागी बसवण्याचा आपला हेतू नाही, असे तो स्वतःच बजावतो. त्याच्या प्रबंधाचा शेवटही विषण्ण आहे. ऐहिक संपत्तीची चिंता साधुपुरुषाने अंगावरच्या हलक्या वस्त्रासारखी वागवावी, अशी प्युरिटनांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या वस्त्राचे पोलादी कवच झाले आणि माणूस त्यात अडकला, असे त्याचे निदान आहे.

आमची तक्रार मात्र वेबरच्या अर्धवट वाचनापुरती नाही. त्याची सावली इतकी लांब पडली आहे की, श्रमाविषयी ख्रिस्ती परंपरेने जे काही म्हटले त्यातला एक तुकडाच आपल्याला दिसतो. आम्ही धर्मशास्त्राचे अभ्यासक नाही, मराठीचे अध्यापक आहोत. विचारापेक्षा आधी शब्दाकडे पाहण्याची आम्हांला सवय. म्हणून या परंपरेकडेही आम्ही तीन शब्दांच्या वाटेने जाऊ इच्छितो : पाचारण, मजुरी आणि विसावा. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हे तीन शब्द एकमेकांना धरूनच अर्थपूर्ण राहतात. भांडवलशाहीने त्यांतला पहिला उचलला आणि उरलेले दोन मागे ठेवले. एकटे पडलेले पाचारण मग धन्याच्या हातचे हत्यार होते. हे केवळ युरोपात घडले असे नाही. आपल्या महाविद्यालयांच्या आवारातही घडत आहे. त्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

प्रथम पाचारण. बायबलच्या उत्पत्तीच्या कथेत माणसाला बाग मशागतीसाठी आणि राखणीसाठी सोपवली जाते ती पतनाच्या आधी. काटेकुसळे आणि कपाळाचा घाम नंतर येतात. म्हणजे काम हा शाप नव्हे. कामातली दमछाक, कामाचे निष्फळ होणे, हा शाप. हातांनी काम करणारा कारागीर आदर्श राज्यात नागरिक होऊ शकत नाही, असे ॲरिस्टॉटल मानत होता, हे लक्षात घेतले म्हणजे सुताराच्या घरातला येशू आणि तंबू शिवून पोट भरणारा पौल यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या परंपरेचे वेगळेपण जाणवते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली घालून दिली तीत प्रार्थनेइतकेच अंगमेहनतीचे तासही नेमून दिलेले आहेत.

तरीही मध्ययुगात 'ईश्वराने बोलावलेला' असा मान धर्मगुरूला आणि संन्याशालाच होता. मार्टिन ल्यूथरने तो बांध फोडला. हाक मारणे या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला 'बेरूफ' हा जर्मन शब्द त्याने आपल्या बायबल-भाषांतरात साध्या कामधंद्यासाठीही वापरला. मराठी बायबलात आणि मराठी ख्रिस्ती लेखनात ईश्वराच्या हाकेसाठी 'पाचारण' हा शब्द रूढ आहे. घर झाडणारी मोलकरीण आणि जोडे शिवणारा चांभार हेही मठातल्या साधूइतकेच ईश्वराच्या पाचारणाला उत्तर देत असतात, असे ल्यूथरने सांगितले. श्रमाला इतकी प्रतिष्ठा देणारा विचार जगाच्या इतिहासात विरळाच.

पण या विचाराच्या पोटात एक गाठ होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल म्हणतो की, ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्याने त्या स्थितीत राहावे. ईश्वराने मला मोलकरीण म्हणून हाक मारली असेल, तर मोलकरीणपण सोडण्याचा मला अधिकार किती? या प्रश्नाची कसोटी १५२५ मध्ये लागली. जर्मनीतल्या मेमिंगेन या नगरात शेतकऱ्यांनी आपल्या मागण्यांची बारा कलमे लिहून काढली. ख्रिस्ताने मेंढपाळालाही आणि राजालाही सारख्याच रक्ताने सोडवले आहे, तेव्हा आम्ही कुणाचे कुळ-गुलाम का राहावे, असा त्यांतल्या तिसऱ्या कलमाचा आशय. ठरल्यापेक्षा जास्त काम जमीनदाराला हवे असेल तर त्याने त्याचा मोबदला द्यावा, अशी सातव्या कलमाची मागणी. ल्यूथरने आधी दोन्ही पक्षांना समजावले, राजेरजवाड्यांनाही बोल लावले. पण बंड पेटल्यावर शेतकऱ्यांना निर्दयपणे ठेचून काढावे अशी पत्रिका लिहिली. ग्रंथ एकच होता. एका बाजूने त्यातून मोबदला आणि मुक्ती वाचली, दुसऱ्या बाजूने स्वस्थानी राहण्याची आज्ञा.

मराठी वाचकाला येथे 'स्वधर्म' आठवल्याशिवाय राहणार नाही. आपले नेमून दिलेले काम सदोष असले तरी सोडू नये, ही शिकवण आपल्याकडे किती निरूपणांतून रुजली आहे, ते वेगळे सांगायला नको. १९३६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेची चिकित्सा करताना दाखवून दिले की, जात ही निव्वळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ज्याच्या हाती जन्मतःच झाडू दिला गेला, त्याला 'हे तुझे पाचारण' म्हणून सांगणे यात गौरव कसला? भारतात येऊन ख्रिस्ती धर्मही या रोगापासून अलिप्त राहिला नाही. काही ठिकाणी चर्चमधल्या बसण्याच्या जागा आणि दफनभूमीही जातवार राहिल्या. कामाला पवित्र ठरवणारा प्रत्येक विचार आम्ही म्हणूनच एका प्रश्नाने पारखतो : हे पावित्र्य कोण सांगतो आहे, आणि कुणाला?

हा प्रश्न आपल्याला दुसऱ्या शब्दाकडे नेतो. बायबलमधला ईश्वर मोशेशी बोलतो तो एका वेठबिगारीच्या संदर्भात. इस्राएली लोक मिसरमध्ये विटा पाडतात. त्यांनी सुटी मागितली तेव्हा फारोने विटांसाठी लागणारे काड बंद केले. काड तुम्हीच गोळा करा, विटांची संख्या मात्र तीच राहील, असा हुकूम सोडला. वर 'हे आळशी झाले आहेत' असा शेरा. वीटभट्टीवरची उचल आणि रोजचा ठरलेला आकडा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या कथेवर भाष्य नको. पुढे अनुवाद या पुस्तकात नियम येतो की, गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. नव्या करारात याकोबाचे पत्र श्रीमंतांना सुनावते की, कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच तुमच्याविरुद्ध ओरडते आहे.

या धाग्याचे टोक मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आहे. मळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार रोज ठरवून मजूर आणतो. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला जातो आणि आणखी मजूर घेऊन येतो. दिवस मावळायला एक तास उरला असता तो पुन्हा जातो, तेव्हाही काही माणसे उभीच असतात. आपल्या शहरांतल्या मजूर अड्ड्यांवर सकाळी नऊनंतर रेंगाळणारी माणसे असतात तशी. रिकामे का उभे राहिलात, असे विचारल्यावर ती सांगतात की, आम्हांला कुणी कामाला लावलेच नाही. संध्याकाळी धनी सर्वांना एकेक दिनार देतो. पहाटे आलेले कुरकुरतात.

परंपरेने या दाखल्याचा अर्थ ईश्वरी कृपेच्या अंगाने लावला आहे, आणि तो अर्थ योग्यच आहे. पण १८६० मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने याच दाखल्यातून आपल्या निबंधमालेचे शीर्षक घेतले, 'अन टू धिस लास्ट', आणि त्या काळच्या अर्थशास्त्राला जाब विचारला. डॉक्टरचे शुल्क किंवा बिशपचे वेतन आपण लिलावात कमीत कमी बोली लावणाऱ्याला देत नाही. मग मजुराचीच मजुरी स्पर्धेने का खाली ओढतो, असा त्याचा युक्तिवाद होता. वाचक इतके खवळले की संपादक थॅकरेला ती मालिका चार निबंधांवर थांबवावी लागली. पुढे १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना रेल्वेत गांधीजींनी हे पुस्तक वाचले, वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच हा बोध त्यातून घेतला आणि फिनिक्सची वसाहत उभारली. १९०८ मध्ये त्यांनी या पुस्तकाचा गुजराती सारानुवाद केला, त्याला नाव दिले 'सर्वोदय'. वर्धा आणि पवनार या नावांशी जो शब्द आपण जोडतो, विनोबांनी जो घरोघर नेला, त्याची एक मुळी द्राक्षमळ्यातल्या त्या शेवटच्या मजुरापर्यंत पोचते. हे मूळ आपण विसरलो आहोत, म्हणून त्याची येथे आठवण.

संस्था म्हणून कॅथलिक चर्चला या प्रश्नावर सविस्तर बोलायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांचे 'रेरूम नोव्हारुम' हे पत्र प्रसिद्ध झाले. त्यात समाजवाद नाकारला आहे आणि खाजगी मालमत्तेचे समर्थन आहे, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच पत्रात असेही आहे की, मालक आणि मजूर यांच्यातल्या करारापेक्षा श्रेष्ठ असा एक नैसर्गिक न्याय असतो. गरजेपायी किंवा भीतीपायी मजुराने अपुरी मजुरी स्वीकारली, तर तो त्याच्यावर झालेला जुलूमच होय. उपाशी माणसाच्या सहीला संमती म्हणता येत नाही, हा विचार तेव्हाच्या मुक्त कराराच्या तत्त्वज्ञानाला छेद देणारा होता. कामगारांच्या संघटना करण्याच्या हक्कालाही या पत्राने मान्यता दिली.

नव्वद वर्षांनी, १९८१ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'लाबोरेम एक्सर्चेन्स' लिहिले. नाझी अंमलाखालच्या क्राकूव्हमध्ये तरुणपणी दगडखाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबलेला हा माणूस. आदल्याच वर्षी पोलंडमध्ये गदान्स्कच्या गोदी कामगारांनी 'सॉलिडॅरिटी' उभी केली होती. श्रमाला भांडवलाच्या आधीचे स्थान आहे, कारण भांडवल म्हणजे साठलेले श्रमच. आणि काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा या पत्राचा गाभा. त्यात 'अप्रत्यक्ष मालक' अशी एक उपयुक्त कल्पना येते. मजुराशी करार करणारा तो प्रत्यक्ष मालक. पण त्या कराराच्या अटी ज्यांच्या कायद्यांनी, धोरणांनी आणि व्यवहारांनी ठरतात ते सर्व अप्रत्यक्ष मालक, आणि तेही जबाबदार. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतले आणि त्याचे कारण सांगताना १८९१ च्या पत्राचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमापुढे उभ्या राहिलेल्या आव्हानांचा उल्लेख केला, यावरून हा धागा तुटलेला नाही असे दिसते.

तिसरा शब्द विसावा. शब्बाथाची आज्ञा वाचताना एक तपशील सहसा निसटतो. विश्रांती घरधन्यापुरती नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांना ती आहे. तिचे कारण दोन ठिकाणी दोन प्रकारे दिले आहे. निर्गमात ते विश्वनिर्मितीशी जोडलेले आहे : ईश्वराने सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात ते इतिहासाशी जोडलेले आहे : तू मिसरमध्ये दास होतास, याची आठवण ठेव. दुसरे कारण आम्हांला अधिक मोलाचे वाटते. ज्याला थांबण्याचा अधिकार नाही तो दास, अशी ही सरळ व्याख्या आहे.

या आज्ञेचा मुंबईतला इतिहास मनोरंजक आहे. रविवार पाळणाऱ्या राज्यकर्त्यांच्या अमलात गिरणी कामगाराला मात्र हक्काचा रविवार नव्हता. तो मागितला जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुटीची मागणी मांडली आणि १८९० मध्ये गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. रविवार हा खंडोबाचा वार, असे कारण त्यांनी दिल्याचे सांगितले जाते. शब्बाथाची आज्ञा ज्यांच्या धर्मग्रंथात होती त्यांनी ती कामगाराला आपणहून दिली नाही. एका सत्यशोधकाने ती जेजुरीच्या देवाच्या नावे मिळवली. विसावा हा उपदेशाने मिळत नाही, मागावा लागतो, हे त्यातून शिकण्यासारखे. आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास काम करावे असे सल्ले २०२३ पासून आपल्या उद्योगपतींकडून जाहीरपणे येत आहेत, तेव्हा तर हे विशेष ध्यानात ठेवायला हवे.

या मांडणीवर आक्षेप येतील, आणि ते ऐकायला हवेत. मायकेल नोवाक या अमेरिकन कॅथलिक विचारवंताने १९८२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात लोकशाही भांडवलशाहीचे धार्मिक समर्थन केले : माणसाच्या सर्जनशीलतेला आणि उपक्रमशीलतेला बाजारपेठ जेवढा वाव देते तेवढा दुसरी व्यवस्था देत नाही. १९९१ च्या 'चेन्तेसिमुस आनुस' या पत्रानेही बाजाराची उपयुक्तता मान्य केली. मात्र कायद्याच्या चौकटीत आणि मानवी स्वातंत्र्याच्या सेवेत, या अटीवर. नेमकी ही अटच समर्थक विसरतात. दुसरा आक्षेप पौलाच्या त्या प्रसिद्ध दटावणीचा : जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये. गरिबांना हिणवण्यासाठी ती फार वापरली गेली. तिचा वापर भांडवलदारांनीच केला असेही नाही. १९१८ च्या सोव्हिएत राज्यघटनेने तेच सूत्र कलम म्हणून घातले. परंतु पौल काम करू न इच्छिणाऱ्याबद्दल बोलतो. द्राक्षमळ्याबाहेर उभ्या असलेल्यांना कुणी कामच दिले नव्हते. या दोन माणसांतला फरक पुसून टाकणे, ही जुन्या फारोचीच युक्ती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : चर्चने स्वतः काय केले? १८३८ मध्ये अमेरिकेतल्या जेझुइटांनी आपल्या मालकीचे २७२ गुलाम विकले आणि त्या पैशातून जॉर्जटाउनच्या महाविद्यालयाचे कर्ज फेडायला मदत झाली. याला उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की, त्या धर्मसंघाला दोषी ठरवण्यासाठी बाहेरची मोजपट्टी आणावी लागत नाही. निर्गमाचे पुस्तक पुरते. आणि जेथे या विचाराला व्यवहाराची जोड मिळाली तेथे तो पेलतो, याचेही उदाहरण आहे. स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन या गावी १९४१ मध्ये आलेल्या होसे मारिया आरिस्मेंदियारिएता या तरुण धर्मगुरूने आधी तंत्रशाळा काढली. १९५६ मध्ये तिच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी कामगारांच्याच मालकीचा कारखाना सुरू केला. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वेतनात सुरुवातीला एकास तीन एवढेच अंतर होते. आज त्या सहकारी समूहात हजारो कामगार मालक आहेत. त्यातील घरगुती उपकरणांची कंपनी २०१३ मध्ये बुडाली तेव्हा तिच्या अनेक सभासदांना समूहातल्या इतर संस्थांनी सामावून घेतले. तो स्वर्ग नव्हे. पण शक्यतेचा पुरावा आहे.

आता आमच्या अंगणाकडे. 'अध्यापन हा व्यवसाय नाही, ते व्रत आहे' हे वाक्य दर पाच सप्टेंबरला आणि दर गुरुपौर्णिमेला आम्ही ऐकतो. पाचारणाचे हे आपले मराठी रूप. ज्या सभागृहात ते उच्चारले जाते तेथेच मागच्या रांगेत तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे सहकारी बसलेले असतात. सेट-नेट झालेले, काही पीएच.डी.; वय चाळिशीकडे झुकलेले. घेतलेल्या तासांपुरते मानधन, तेही कित्येकदा महिनोन् महिने उशिरा. सुटीत आणि परीक्षेच्या काळात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे, ही भाषेची चलाखीही ध्यानात घ्यावी. संस्थेला विचारावे तर ती शासनाकडे बोट दाखवते; शासन निधीकडे, आणि निधी कुणाकडेच पाहत नाही. 'अप्रत्यक्ष मालक' म्हणजे काय, हे समजायला आम्हांला यापेक्षा जवळचे उदाहरण सापडत नाही.

त्यांना व्रत दिले आहे; मजुरी आणि विसावा दिलेला नाही. आणि आम्ही कायम नेमणुकीचे लोक द्राक्षमळ्यात पहाटे लागलेले मजूर आहोत. आमचा रोज ठरलेला आहे, तो वेळेवर मिळतो. दाखल्यातले पहाटेचे मजूर कुरकुरले ते स्वतःला कमी मिळाले म्हणून नव्हे, दुसऱ्याला बरोबरीने मिळाले म्हणून. आपल्या प्राध्यापक संघटनांच्या बैठकांत कायम अध्यापकांच्या भत्त्यांवर जेवढा वेळ जातो आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांवर जेवढा, त्याची तुलना प्रत्येकाने आपापल्या मनाशी करून पाहावी.

धर्म कोणताही असो वा नसो, या परंपरेतून घ्यावा असा एक नियम आम्हांला दिसतो. ज्याला सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी मिळत नाही आणि सातव्या दिवशी थांबता येत नाही, त्याच्यापुढे त्याच्या कामाच्या पावित्र्याविषयी बोलू नये. येत्या पाच सप्टेंबरला सत्काराची शाल पांघरताना, निदान आमच्यापुरता, हा नियम मोठ्याने सांगण्याचे आम्ही ठरवले आहे.